काकडांचं पाणी

जून लागला की कल्याणच्या बाजारात शेवळं येतात आणि माझ्या डोक्यात सर येतात. दोघांनाही आमंत्रण लागत नाही. वाडीवरच्या बायका पहाटे डोंगरातून उतरून येतात, बाजाराच्या कोपऱ्यावर ओलं फडकं अंथरतात आणि त्यावर शेवळांच्या जुड्या मांडतात. वीतभर लांब, जांभळट-तपकिरी, टोकाशी निमुळती. मिटून ठेवलेल्या छोट्या छत्र्याच जणू. शेजारी हिरव्या काकडांचा ढीग. काकडं म्हणजे आवळ्याहून लहान, गोल, जिभेला झटका देणारी आंबट फळं. या बायकांचा एक नियम आहे. शेवळं घेतली आणि काकडं घेतली नाहीत, तर त्या शेवळं परत मागून घेतात.

"काकडां घे गो ताई, नायतर ही जुडी ठेव हितंच," यंदा एकीनं मला दम दिला.

मी घेतली. मला माहीत आहे काकडं का लागतात. या तालुक्यात ते माझ्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नसेल.

शेवळं खाजरी असतात. अळवासारखी, पण अळू परवडलं. बाहेरची पानं सोलायची, आतला पिवळा दांडा काढून टाकायचा, बारीक चिरायची, तेलावर परतायची आणि मग काकडांचं पाणी घालून शिजवायची. ते पाणी पडलं की भाजी अशी लागते, की वर्षभर वाट पाहावी. नाही पडलं तर पहिल्या दोन घासांत काही कळत नाही. तिसऱ्या घासाला घसा धरतो. आतून कुणी तरी काथ्या फिरवत असल्यासारखं वाटतं आणि ते तास न् तास थांबत नाही.

माझ्या स्वभावाबद्दल आधीच सांगून टाकते. मी डूख धरते. आमच्या शाळेत मुलांना क्षमाशीलतेवर निबंध लिहायला सांगते, त्यांना चांगले गुण देते आणि घरी येऊन अठरा वर्षांपूर्वीच्या एका सहलीतल्या चाळीस माणसांचे चेहरे एकेक करून आठवते. सरांचं नाव मी इथे लिहिणार नाही. छापलेलं पाहून त्यांना बरं वाटेल.

तेव्हा आम्ही ठाण्याच्या कडेला, बाळकुमला राहत होतो. आज तिथे ज्या टॉवरच्या पार्किंगमध्ये गाड्या उभ्या असतात, तिथे तेव्हा आमची भातखाचरं होती. आईचं माहेर मात्र कल्याणच्या पलीकडे, वाघजाईच्या डोंगराच्या पायथ्याशी. त्या डोंगरावर ती लहानपणापासून चढली होती, लाकडं आणायला, करवंदं काढायला, देवीला नारळ द्यायला. कोणत्या ओहोळाकाठी शेवळं येतात, कोणत्या उतारावर नुसतीच त्यांच्यासारखी दिसणारी निघतात, कुठल्या झाडाची काकडं जास्त आंबट, हे तिला आपल्या घरातल्या फळीवरचे डबे माहीत असावेत तसं माहीत होतं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती.

बाळकुमच्या बायका जूनमध्ये आमच्या दारात यायच्या. "इतक्या शेवळांना पानी किती?" असं विचारायच्या. आई जुडी हातात घ्यायची, वजन केल्यासारखी जरा खालीवर करायची आणि सांगायची. तिचं कधी चुकलं नाही. गावात कुणाच्या घरी नवरी आली की पहिल्या शेवळांना आईला बोलावणं असायचं. आमच्याकडे सोनंनाणं बेताचंच होतं. आईचा मान होता तो त्या हाताचा.

सर ठाण्यात राहायचे. शहरातल्या लोकांना रविवारी जवळच्या डोंगरावर नेऊन झाडं-पाखरं दाखवायची, गावातली गाणी ऐकवायची, जेवू घालून संध्याकाळी परत आणायचं, असा त्यांचा उपक्रम होता. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि त्यांच्या दोन सहलींना जाऊन भारावले होते. त्यांचा आवाज फार सुंदर होता, हे कबूल करायला हवं. खर्जातला, गोल. एखाद्या काटेरी झुडपाचं नाव त्यांनी उच्चारलं तरी वाटायचं, काय भाग्यवान झुडूप. मीच मूर्खासारखी त्यांना म्हणाले, "सर, माझ्या आईला यातलं खूप कळतं."

तीन रविवार ते आमच्या घरी आले. आईनं त्यांना चहा दिला, सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी खाऊ घातली, आणि त्यांनी विचारलं ते सगळं सांगितलं. ते वहीत लिहून घेत होते. आई खूश होती. "एवढा शिकलेला मानूस, पन खाली बसून ऐकतो," असं बाबांना सांगत होती. तिसऱ्या रविवारी त्यांनी सांगितलं, पुढची सहल वाघजाईला, आणि मावशी, तुम्ही यायचंच. आईनं त्या दिवसासाठी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं.

ठाण्यात खोपटहून सकाळी बस निघाली. मला त्या सकाळचं सगळं आठवतं आणि त्याचाच मला राग येतो, कारण सकाळ खरोखर सुंदर होती. दोनचार सरी होऊन गेल्या होत्या. पायथ्याच्या लाल मातीत मृगाचे किडे फिरत होते, मखमलीचे. सहलीतल्या बायका त्यांना तळहातावर घेऊन किंचाळत होत्या. कुड्याची फुलं पांढरीशुभ्र फुलली होती. करवंदांच्या जाळ्यांत शेवटची सुकलेली करवंदं उरली होती आणि आई चालता चालता न बघता तोडून माझ्या हातात ठेवत होती. वर कुठे तरी पावशा ओरडत होता. डोंगर मला अजून आवडतो. त्याच्यावर माझा राग नाही.

पहिल्या सपाटीवर सर थांबले आणि बोलू लागले. मी ऐकत होते आणि माझे कान तापत होते. आईचे शब्द, आईची वाक्यं, तिनं सांगितलेली आजीची आठवणसुद्धा, सगळं त्या गोल आवाजात येत होतं. "माझ्या वीस वर्षांच्या भटकंतीतून मला हे उमगलं," असं प्रत्येक गोष्टीच्या आधी. आई मागे उभी राहून कौतुकानं मान डोलवत होती. तिला वाटत होतं, पोरानं धडा नीट पाठ केला.

मग त्यांनी एक शेवळ उपटून वर धरलं. म्हणाले, याची भाजी करतात. गावात असा समज आहे की काकडं घातल्याशिवाय ती खाता येत नाही. पण ही केवळ समजूत. नीट उकळली की झालं.

आई पुढे झाली. "नाय रं बाला, नुस्ती उकलून नाय चालत. काकडां नाय टाकली तं घसा धरतंय."

सरांनी तिच्याकडे प्रेमानं पाहिलं. ते प्रेम मी विसरलेले नाही. मग लोकांकडे वळून म्हणाले, "बघा, हीच आपली लोकसंस्कृती! शास्त्र माहीत नव्हतं, म्हणून मग असं काही तरी घालायचं, तसं काही तरी घालायचं. पण किती गोड ना?"

चाळीस माणसं हसली. वाईट नाही हसली, लहान मूल काही बोललं की हसतात तसं. एकीनं आईचा फोटो काढला. आईसुद्धा हसली, पण तिनं पदर उगाचच पुन्हा खोचला आणि ती लोकांच्या मागे गेली. "मावशी, तुम्ही आता चुलीकडे बघा," सर म्हणाले.

देवळाच्या मागे दोन दगडी चुली होत्या. वाघजाईचं देऊळ म्हणजे चार खांब आणि पत्रा. आत शेंदूर फासलेली शिळा, पुढे लाकडी वाघ, नाकाचा रंग उडालेला. आईनं आदल्या दिवशी घरीच शेवळं सोलून चिरून आणली होती. काकडं ठेचून, उकळून, गाळून त्यांचं पाणीही तांब्यात भरून आणलं होतं, वर फडकं बांधून. सरांचं ऐकून तिनं ते टाळलं नसतं, कितीही हसले असते तरी. डाळ भिजत होती, भात शिजत होता. आमच्यात देवीला दाखवायच्या आधी नैवेद्य चाखत नाहीत, मीठसुद्धा बघत नाहीत. आणि आईला त्या दिवशी उपास होता. नैवेद्यानंतरही ती खाणार नव्हती.

शेवळं परतून झाली, तेवढ्यात सरांचं बोलावणं आलं. मावशींना गाणं म्हणायला पाठवा. आई लग्नातले धवले म्हणायची. हळदीचा, पाठवणीचा. तिनं माझ्याकडे तांब्या दिला.

"उकली आली कं पानी टाक. सगलं टाक, ठेवू नको."

मी पातेल्याशी बसले होते. पलीकडून आईचा आवाज आला. ती हळदीचा धवला म्हणत होती, लांब, सावकाश. तो तसाच म्हणायचा असतो. एकेका देवाला, एकेका माणसाला आमंत्रण द्यावं लागतं, कुणाला गाळून चालत नाही. तिसऱ्या-चौथ्या आमंत्रणाला सरांचा गोल आवाज मधे आला. "बास, बास मावशी, छान! वेळ कमी आहे आपल्याला. टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. पातेल्याला उकळी आली होती. मी तांब्याचं फडकं सोडलं, उठले आणि ते सगळं पाणी चुलीमागच्या गवतात ओतून दिलं. आंबट, हिरवट वास आला. मग तांब्याभर साधं पाणी पातेल्यात घातलं आणि वर झाकण ठेवलं.

मला भीती वाटली नाही. वाटला तो आनंद. इतका स्वच्छ आनंद मला त्यानंतर क्वचितच झाला असेल. सर म्हणाले होते ना, नीट उकळली की झालं? मी नीट उकळली.

आई परत आली. "टाकलंस ना गो पानी?"

"टाकलं," मी म्हणाले.

देवीपुढे पान ठेवलं गेलं. मग पळसाच्या पत्रावळींवर पंगत बसली. सरांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "अहाहा," म्हणाले. दुसरा घेतला. अनुभव कसा घ्यावा यावर काही तरी बोलू लागले. तिसऱ्या घासानंतर ते वाक्याच्या मधेच थांबले.

पुढचा अर्धा तास मी वर्षानुवर्षं चघळला आहे. सरांनी खाकरून पाहिलं. पाणी प्यायले. पाण्यानं खाज वाढते, हे आई त्यांना सांगत होती, पण आता त्यांना ऐकू येत नव्हतं. मग एकेकाचा हात गळ्याकडे जाऊ लागला. फोटो काढणारी बाई जीभ बाहेर काढून रुमालानं पुसत होती. एक गृहस्थ देवळाच्या खांबाला पाठ घासत होते, खाज घशात असूनही. चाळीस माणसं एका सुरात घसे खरवडत होती आणि वरती पावशा ओरडतच होता. आणि सरांचा तो आवाज, तो गोल, खर्जातला आवाज गेला होता. त्यांनी तोंड उघडलं की फाटक्या पिपाणीतून यावा तसा सूर यायचा. डोंगर उतरताना त्यांनी एकाही झाडाचं नाव सांगितलं नाही. झाडं तशीच सुखानं उभी होती.

इथे थांबता आलं असतं तर ही गोष्ट मी अठरा वर्षं मिरवली असती.

पण तोवर मी आईकडे पाहिलं नव्हतं. ती रिकाम्या पातेल्यापाशी बसून तांब्या पुन्हा पुन्हा पाहत होती, त्यात बोट फिरवून हुंगत होती. प्रत्येकाकडे जाऊन आमसूल देत होती, पाया पडल्यासारखी वाकत होती. "पानी कमी परलं असंल माझं," असं एकेकाला सांगत होती. मग देवळात गेली आणि देवीपुढचं पान उचलून, पदराखाली झाकून, मागे नेऊन पुरून आली.

बसमध्ये सरांनी माईक घेतला. त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "मावशींचा हात आज चुकला. वय झालं, होतं असं. रागावायचं नाही. त्यांच्यासाठी एकदा टाळ्या." आणि लोकांनी वाजवल्या. काकडं ही समजूत आहे, असं आपण सकाळी म्हणालो होतो, हे त्यांना आठवलं नाही. त्या चाळिसांतल्या एकालाही आठवलं नाही. आई माझ्या शेजारी खिडकीत बसली होती आणि मान खाली घालून टाळ्या ऐकत होती. तेव्हा मी उठून बोलायला हवं होतं. मनात म्हटलं, घरी गेल्यावर आईला सांगू. घरी गेल्यावर म्हटलं, उद्या सांगू.

त्या जूननंतर आईनं शेवळांना काकडांचं पाणी घातलं नाही. बायका दारात यायच्या, विचारायच्या. ती म्हणायची, दुसरीकडं इचारा गो, माझा हात गेला. हळूहळू त्यांनी यायचं सोडलं. भावाच्या लग्नानंतर नवरीच्या पहिल्या शेवळांना शेजारची काकू आली. बाबा गेले, खाचरं गेली, आई माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आली. दर वर्षी मी शेवळं आणायचे, ती सोलायची, चिरायची आणि काकडं माझ्यापुढे सरकवायची. "तू कर. माझ्या हाताचा भरोसा नाय." दर वर्षी हेच. दर वर्षी एकदा ती पायथ्याच्या गावी जाऊन वाघजाईला नारळ देऊन यायची आणि मी विचारायचे नाही कशाबद्दल. आणि मी काय करायचे? मी सरांवर आणखी चिडायचे. हे फार सोयीचं होतं.

यंदा शेवळं आणली त्या शनिवारी घरात आम्ही दोघीच होतो. आई पाटावर बसून, हाताला आमसुलाचं पाणी लावून शेवळं सोलत होती. माझ्या फोनवर शाळेतल्या कुणी तरी एक व्हिडिओ पाठवला. मी लावला आणि तो आवाज आला. आता जरा थकलेला, पण तसाच गोल. कुठल्याशा सभागृहात सर आपल्या सहलींच्या गमती सांगत होते.

"एकदा एका मावशींनी आम्हाला शेवळं खाऊ घातली. मोठ्या जाणकार म्हणवायच्या हं! चाळीस जण गळे धरून डोंगर उतरलो." सभागृह हसत होतं. "तेव्हापासून मी सांगतो, परंपरा वगैरे ठीक आहे, पण मावशींवर विसंबू नका!"

मी फोन बंद करेपर्यंत उशीर झाला होता. आईचे हात थांबले नव्हते. तिनं ते सगळं ऐकलं, पुढचं शेवळ उचललं आणि म्हणाली, "खरंच हाय त्याचं."

"नाही खरं!" मी इतक्या जोरात ओरडले की तिनं दचकून वर पाहिलं. आणि मग माझ्या तोंडून सगळं बाहेर आलं. तांब्या, गवत, साधं पाणी. धवला मधेच तोडला, म्हणून. ते हसले, म्हणून. तुझा हात चुकला नव्हता, आई. मी ओतून दिलं. मुद्दाम.

आता तिचे हात थांबले. खाली सोसायटीत कुणी गाडी मागे घेत होतं, तिची टुणटुण येत राहिली.

"देवीला पन तसंच गेलं?" तिनं विचारलं.

"हो."

"आन मी इचारलं तवा तू टाकलं म्हनालीस."

"हो."

तिनं उरलेली शेवळं सोलून संपवली. मग हात पुढे केला. "काकडां दे हिकरं."

अठरा वर्षांनी तिनं काकडं आपल्याकडे ओढून घेतली. खलबत्त्यात ठेचली, उकळली, स्वतः गाळली. चिरलेल्या शेवळांचा ढीग उचलून खालीवर केला, वजन केल्यासारखा. मी दारातून पाहत होते आणि माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, सुटलो दोघी. मी आत जाऊन तोंड धुतलं आणि खरं सांगायचं तर आनंदानं जरा रडलेही.

बाहेर आले तेव्हा तिनं दोन ताटं वाढली होती. शेवळं, डाळ, भाकरी, कांदा. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "खा."

मी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. काय चव होती! मी तसं म्हणालेही. ती माझ्याकडे बघत होती, शांत, हाताची घडी घालून.

"मीठ बराबर हाय?"

"एकदम," मी म्हणाले आणि तिसरा घास गिळला.

मग मला ओट्यावर दोन पातेली दिसली. एक मोठं, एक अगदी लहान. घशात कुणी तरी काथ्या फिरवायला सुरुवात केली. मी आईकडे पाहिलं. तिनं हाताची घडी सोडली, आपल्या ताटातली भाकरी मोडली, शेवळांचा मोठा घास घेतला आणि सावकाश चावत राहिली. तिला काहीही होत नव्हतं. माझा हात पाण्याच्या भांड्याकडे गेला.

"पानी नको पिऊ, वारतंय," ती म्हणाली. "मना अठरा वरसां लागली. तू सांजपर्यंत बस."

आणि तिनं मोठ्या पातेल्यातली भाजी पुन्हा वाढून घेतली.